मुलींचं वसतिगृह: राखणीसाठी की शिकण्यासाठी?

(जोगेश्वरी येथे मुलींच्या नियोजित वसतिगृहाविषयी झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



मागच्या रांगेतल्या मुलींना पहिल्यांदाच सांगते, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, पुढे या. आजचा विषय तुमचा आहे.

ट्रस्टनं मला वसतिगृहाचा नकाशा पाठवला आणि आर्किटेक्ट म्हणून मत मागितलं. साठ मुली, तळमजला आणि वर चार मजले. प्रत्येक मजल्यावर लांब पॅसेज, तिघींच्या पाच खोल्या, टोकाला तीन संडास आणि तीन न्हाणीघरं. भोवती दहा फुटी भिंत, गच्चीला कुलूप. तळमजल्यावर मेस, वॉर्डनची खोली, नमाजची खोली, ट्रस्टचं कार्यालय आणि एक सभागृह. नकाशा नियमात बसतो. तरीही मी सही न करता इथे बोलायला आले, त्याचं कारण सांगते.

आधी, हे वसतिगृह हवं का? हवंच. आपल्या उपनगरांत शिक्षणाची काय कमी आहे? इथे जोगेश्वरीत १९३० साली सुरू झालेलं इस्माईल युसुफ कॉलेज आहे. अंधेरीत भवन्स, जुहूला एसएनडीटी, कालिन्याला विद्यापीठाचा परिसर, पवईला आयआयटी, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था. लोकलनं तासाभरात पोहोचता येईल इतकं सगळं जवळ. पण हे जवळ कुणाला? जिचं घर इथे आहे तिला. मालेगाव, भिवंडी, बीड, रत्नागिरीहून येणाऱ्या मुलीला प्रवेश मिळतो, पण राहायला जागा मिळत नाही.

२०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि इतर मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगला निर्णय आहे. आपल्या अनेक मुली त्यात बसतात. पण फी माफ झाली तरी रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. पीजी शोधायला जा. आधी भाडं ऐकून घाम फुटतो, मग डिपॉझिट, मग ब्रोकर नाव विचारतो. नाव सांगितल्यावर 'आत्ताच जागा गेली' हे उत्तर इथे बसलेल्या किती जणांनी ऐकलंय? हात वर करू नका, मला माहीत आहे.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ साली देशातल्या एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिम विद्यार्थी सुमारे ४.६ टक्के होते. लोकसंख्येतला आपला वाटा १४ टक्क्यांहून जास्त आहे. त्या ४.६ टक्क्यांत जवळपास निम्म्या मुली होत्या. म्हणजे मुलींनी आपला वाटा उचलला आहे. आता त्यांना जागा देणं आपल्याकडे आहे. जागा वाढवल्याशिवाय संख्या टिकत नाही, हे मोठ्या संस्थांनाही ध्यानात घ्यावं लागतं. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा ठेवल्या, पहिल्या वर्षी १४ टक्के आणि २०२० पर्यंत २० टक्के मुली असाव्यात हे उद्दिष्ट धरून. वर्गात मुली वाढवायच्या ठरल्या की त्यांच्या खोल्यांचा हिशेबही त्याच दिवशी करावा लागतो.

आता मुद्द्यावर येते. मुलांचं आणि मुलींचं वसतिगृह आपण वेगळ्या मनानं बांधतो. याला इतिहास आहे.

महाराष्ट्रात मुलांची वसतिगृहं कशी उभी राहिली? शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढली. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग आलं. हेतू सरळ होता: खेड्यातला पोरगा शहरात यावा, शिकावा, नोकरीला लागावा. मुलींची घरं मात्र दुसऱ्या वाटेनं आली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते प्रामुख्यानं विधवांसाठी. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात आश्रम काढला, तोही विधवांसाठी. त्यातूनच पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ उभं राहिलं, जे आज जुहूला आपल्या शेजारी आहे. अलीगढला शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली मुलींची शाळा काढली आणि १९१४ साली बोर्डिंग. पडद्याची पूर्ण व्यवस्था केली तेव्हा कुठे लोक मुली पाठवायला तयार झाले.

या लोकांचे उपकार मोठे आहेत. त्या काळात भिंत उंच नसती तर आत एकही मुलगी आली नसती. पण त्यातून एक सवय राहून गेली. मुलांचं वसतिगृह म्हणजे शिकायची जागा आणि मुलींचं म्हणजे आसऱ्याची, राखणीची जागा, ही ती सवय. शंभर वर्षांनी काढलेल्या आपल्या नकाशातही ती दिसते. बघा, साठ मुली शिकायला येणार आहेत आणि नकाशात अभ्यासिका नाही. भिंतीची उंची मात्र फूट-इंचांत लिहिली आहे.

मी स्वतः मुलींच्या वसतिगृहात राहून शिकले. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. रात्री आठला फाटक बंद व्हायचं, कॉलेजची लायब्ररी नऊपर्यंत उघडी असायची. ड्रॉइंगची शीट मोठी, खोलीत टेबल एक आणि मुली तीन. मी पॅसेजमधल्या दिव्याखाली जमिनीवर शीट पसरून काम करायची. संध्याकाळी सहाला गच्चीला कुलूप लागायचं, म्हणून पावसाळ्यात कपडे खोलीतच, पलंगाला दोरी बांधून वाळत घालायचो. आतले कपडे तर ओढणीखाली झाकून. ते धड वाळायचे नाहीत. अंगाला खाज सुटायची आणि ती कुणाला सांगायची लाज वाटायची. आमच्याच वर्गातली मुलं रात्री बारापर्यंत कॉलेजात मॉडेलं करायची. निकाल लागला की सर म्हणायचे, मुलींची मॉडेलं जरा कमीच पडतात.

पण तेव्हा कुणी फॉर्म देऊन विचारलं असतं की तू समाधानी आहेस का, तर मी 'हो' लिहिलं असतं. दहावीनंतर माझ्या दोन मैत्रिणींचं लग्न झालं होतं. मला राहायला जागा मिळाली, अब्बांनी पाठवलं, यातच मी खूश होते.

म्हणून 'मुली समाधानी आहेत' या वाक्यापाशी थांबू नका. अमर्त्य सेन एक उदाहरण देतात. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात एक आरोग्य पाहणी झाली. पत्नी गेलेल्या पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आमची तब्येत बरी नाही किंवा जेमतेम आहे. विधवा बायकांपैकी असं म्हणणाऱ्या फक्त २.५ टक्के होत्या. त्या बायका ठणठणीत होत्या का? त्यांची हालत उलट जास्त वाईट होती. आपल्यासाठी काही मागता येतं, हेच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वसतिगृहाच्या पाहणीतही हेच घडतं. मुलगा म्हणतो पंखा आवाज करतो, जेवण बेचव आहे. मुलगी म्हणते सगळं ठीक आहे. कारण तक्रार घरी कळली तर घरचे तिला परत नेतील.

मग विचारायचं कसं? 'समाधानी आहेस का' असं न विचारता 'काल काय केलंस' असं विचारायचं. किती वाजता आंघोळ झाली? कपडे कुठे वाळवलेस? रात्री कुठे बसून वाचलंस? शेवटचं लेक्चर सोडून यावं लागलं का? आजारी पडलीस तेव्हा कुणाला हाक मारलीस? अशा प्रश्नांना 'ठीक आहे' हे उत्तर चालत नाही.

नायजेरियातल्या डोलापो अमोले या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापिकेनं तिथल्या विद्यापीठांच्या वसतिगृहांची पाहणी केली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. ५३ टक्के विद्यार्थी आपल्या निवासाबद्दल असमाधानी होते. समाधान कशावर ठरत होतं? एका जागेत किती जण कोंबले आहेत, स्वयंपाकाचा कोपरा, न्हाणीघर आणि सामान ठेवायची जागा यांवर. लांब पॅसेज आणि सामायिक सोयी यांचाही परिणाम दिसला. अमेरिकेत १९७० च्या दशकात बॉम आणि व्हॅलिन्स या संशोधकांना असंच आढळलं होतं. लांब पॅसेजच्या वसतिगृहात राहणाऱ्यांना जास्त गर्दी जाणवायची, आणि त्याच संख्येनं मुलं छोट्या गटांच्या खोल्यांत राहिली तर तितकी जाणवायची नाही. रंगरंगोटी आणि दर्शनी भागापेक्षा आतली मांडणी महत्त्वाची, असा याचा अर्थ.

आता आपला नकाशा घेऊ. हिशेब माझ्याबरोबर करा. एका मजल्यावर १५ मुली, न्हाणीघरं ३. म्हणजे एका न्हाणीघरामागे ५ जणी. केस धुणं, कपडे पिळणं धरून प्रत्येकीला १५ मिनिटं लागली तर शेवटच्या मुलीचा नंबर संपायला सव्वा तास. सकाळी सातचं कॉलेज असेल तर पहिलीला साडेचारला उठावं लागेल. पाळीच्या दिवसांत काय होईल ते मी सांगायला नको. ही आकडेमोड करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घाईघाईत दोन तांबे घेऊन निघणारा मुलगा होता. असं सगळीकडे होतं. ऑफिसांतल्या एसीचं तापमान ठरवण्याचं जे गणित १९६० च्या दशकापासून चालत आलं, त्यात ४० वर्षांचा, ७० किलोचा पुरुष धरला होता. बायकांचं शरीर त्याहून कमी उष्णता तयार करतं, म्हणून त्यांना तिथे गारठायला होतं, हे दोन डच संशोधकांनी २०१५ साली मांडलं.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. अब्बा-अम्मींची भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण भिंतीनं काय राखलं जातं? जून २०२३ मध्ये मुंबईत, चर्नी रोडजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्याच खोलीत खून झाला. संशय तिथल्याच सुरक्षारक्षकावर होता आणि त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. त्या मुलीसाठी भिंत होती, फाटक होतं, पहारेकरीही होता. धोका फाटकाच्या आतच होता. म्हणून माझे प्रश्न असे आहेत: सुट्टीत चार मुली उरल्या तर त्यांना एका मजल्यावर आणायची सोय आहे का? खोलीच्या दाराला आतून चांगली कडी आहे का? धोक्याची घंटा कुठे आहे? मजल्यावर पुरुष कर्मचारी कधी आणि कुणाबरोबर जातील? मुलीला कुणाविषयी तक्रार करायची असेल तर ती वॉर्डनला वगळून कुणाकडे जाईल? दहा फुटी भिंत यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. उलट, रस्त्यावरून आत काही दिसत नाही आणि आतून रस्त्यावर हाक पोहोचत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांवर 'व्हाय लॉइटर' हे पुस्तक २०११ साली लिहिलं. त्यातल्या रानडे स्वतः आर्किटेक्ट आहेत. बायकांना बंद करून ठेवल्यानं शहर सुरक्षित होत नाही, त्या मोठ्या संख्येनं बाहेर दिसल्या तर होतं, असं त्या मांडतात. स्टेशनपासून आपल्या फाटकापर्यंतच्या रस्त्यावर दिवे लावून घ्यायला महानगरपालिकेकडे गेलो, तर त्याचा मुलींना भिंतीपेक्षा जास्त उपयोग होईल.

तिसरी गोष्ट वेळेची. कायदा काय म्हणतो ते ऐका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांत मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. त्याच वर्षी जामिया मिलियानं मुलींची उशिरा येण्याची सवलत काढली, तेव्हा दिल्लीत 'पिंजरा तोड' नावानं मुली रस्त्यावर आल्या. आणि केरळातली फहिमा शिरीन तर आपल्यातलीच. कोझिकोडजवळच्या कॉलेजच्या वसतिगृहात मुलींनी ठरावीक वेळेत मोबाईल जमा करायचा नियम होता. तिनं नकार दिला, तिला काढून टाकलं. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयानं सांगितलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, तिला परत घ्या. तिच्या वडिलांचा तिला पाठिंबा होता, हेही इथल्या अब्बांनी लक्षात ठेवावं.

काही जण म्हणतील, बाई, मोकळं ठेवलं तर कुणी मुलगी पाठवणारच नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. मला स्वतःला अब्बांनी त्या आठच्या फाटकाच्या भरवशावर पाठवलं होतं. म्हणून फाटक काढा असं मी म्हणत नाही. मी म्हणते, फाटकाची वेळ लायब्ररीच्या आणि शेवटच्या लेक्चरच्या वेळेवरून ठरवा. उशीर होणार असेल तर मुलीनं कळवावं, नोंद व्हावी, आणि तिला आत घेतलं जावं. उशीर झाला म्हणून मुलीला बाहेर उभं ठेवणारं वसतिगृह तिला राखत नाही, तिला धोक्यात टाकतं.

मुलांविषयीही दोन शब्द. मुलांच्या वसतिगृहांत कुलूप नसतं, पण तिथे विचारपूसही नसते. घाणेरडे संडास, रॅगिंग, एकटेपणा. 'मुलगा आहे, निभावून नेईल' म्हणून कुणी बघत नाही. मुलीवर जास्त नजर आणि मुलावर अजिबात नाही, या दोन्हींत त्यांना काय हवंय हे विचारायचं राहून जातं.

शेवटी माझ्या सूचना, खर्चासकट.

एक. प्रत्येक मजल्यावरची पाचवी खोली काढा. त्या जागेत दोन न्हाणीघरं आणि मागच्या बाजूला ऊन येणारी, बाहेरून न दिसणारी कपडे वाळवायची गॅलरी करा. मग मजल्यावर १२ मुली आणि ५ न्हाणीघरं. सव्वा तासाचा पाऊण तास होतो.

खजिनदारसाहेब, तुमचा हिशेब मला ऐकू येतोय. चार मजल्यांवर १२ जागा कमी होतात. साठाच्या अठ्ठेचाळीस. बारा मुली ही लहान संख्या नाही, त्यातली एक मी असू शकले असते. म्हणून दुसरी सूचना. तळमजल्यावरचं ट्रस्टचं कार्यालय आणि सभागृह काढा. तेवढ्या जागेत तिघींच्या चार खोल्या बसतात. सभागृहासाठी स्वच्छतागृहं धरलीच आहेत, त्यांची न्हाणीघरं होतील. ट्रस्टला जुन्या जागेत कार्यालय आहेच. सभागृहाच्या भाड्याचं उत्पन्न जाईल, हे खरं. पण लग्नाच्या वरातीसाठी लोक वसतिगृहाच्या फाटकातून येणार असतील, तर दहा फुटी भिंतीला काय अर्थ उरला?

तीन. मेसला रात्री साडेनऊनंतर अभ्यासिका करा. टेबलं आहेत, पंखे आहेत. भिंतीला प्लग आणि चांगले दिवे एवढाच खर्च. चार. प्रत्येक मजल्यावर एक छोटा ओटा, शेगडी आणि पाणी. आजारी मुलीला पेज करता यावी, रमजानमध्ये सहरीसाठी सगळ्या मेसला उठवावं लागू नये. पाच. प्रत्येकीला कुलपाचं कपाट. सहा. गच्ची उघडी ठेवा, कठडा उंच करा. सात. आपल्या समाजाबाहेरच्या मुलींनाही जागा द्या. पीजीवाला आपल्या मुलींना जे म्हणतो, ते आपण कुणाला म्हणू नये.

आणि शेवटची सूचना. वसतिगृह समितीत आज नऊ जण आहेत, नऊही पुरुष. त्यात तीन मुली घ्या, शिकणाऱ्या. इमारत सुरू झाल्यावर एका वर्षानं, नाव न लिहिता भरायचा फॉर्म द्या, मी सांगितलेले 'काल काय केलंस' हे प्रश्न त्यात घाला, आणि आलेली उत्तरं याच सभेत वाचून दाखवा. चुकलेलं दुरुस्त करायला थोडे पैसे आजच बाजूला ठेवा.

नकाशा मी पेन्सिलीनं दुरुस्त करून आणला आहे. तो आता मागच्या रांगेतून पुढे येऊ द्या. मुलींनो, पेन्सिल सोबत आहे. तुम्हाला जे खोडायचं ते खोडा, मग मी सही करते.

जय संविधान.